पॉकेट जॅक्स, ड्रॉंनी भरलेला फ्लॉप आणि समोर सतत रेज मारणारा गडी

कटऑफचा_शेजारी:

पोकरचं सहा जणांचं नो-लिमिट होल्डम टेबल: हातात दोन पानं, मग बोर्डवर फ्लॉपची तीन, टर्नचं एक आणि रिव्हरचं शेवटचं. मी आणि समोरचा गडी, दोघांकडेही 100 बिग ब्लाइंड (पानं बघण्याआधी घालायची मोठी सक्तीची रक्कम, पुढे सगळीकडे बीबी). कटऑफवर (बटणाच्या आधीच्या जागेवर) बसलेला गडी शंभरातल्या चाळीस-पंचेचाळीस पानांवर रेज करून येतो, थ्री-बेटला (त्याच्या रेजवरच्या पुन्हा रेजला) सहसा सोडत नाही आणि फ्लॉपवर चेक-रेज (आधी चेक, मग समोरच्याच्या बेटवर रेज) हा त्याचा हातखंडा आहे. ब्लफ उघडा पडला तरी पुढच्या डावात पुन्हा तेच.

डाव असा. त्याने 3 बीबी केले. मी बटणावर (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी बोलणारी जागा), हातात बदाम आणि चौकटचा गुलाम म्हणजे पॉकेट जॅक्स, थ्री-बेट 9. ब्लाइंड्सनी सोडलं, त्याने कॉल केला. पॉट 19.5, मागे प्रत्येकी 91.

फ्लॉप: इस्पिकची नव्वी, इस्पिकची सत्ती, बदामाची चव्वी.

त्याने चेक केलं, बटणावरून 10 ची बेट, त्याने चेक-रेज करून 32 केले. आता पॉट 61.5 आणि कॉलला 22 लागतात.

फोल्ड करणं जिवावर येतं, कारण हा माणूस ड्रॉवरही (अजून पुरा न झालेल्या फ्लश-स्ट्रेटवरही) हेच करतो. कॉल केला तर टर्नला इस्पिक किंवा राणी-राजा-एक्का आल्यावर काय, हा प्रश्न. आणि ‘प्रोटेक्शनसाठी ऑल-इन’ म्हणावं तर फक्त सेटच (हातातली जोडी आणि बोर्डवर तिसरं पान) कॉल करेल अशी भीती. मुळात फ्लॉपला चेक मागे (बेट न करता आपणही चेक) द्यायला हवं होतं का? आणि एकूणच जॅक्स, टेन्स, टॉप पेअर-चांगला किकर (बोर्डच्या सगळ्यात मोठ्या पानाशी जोडी, बरोबर मोठं पान) अशी, आत्ता पुढे पण पुढच्या पानावर मोडू शकणारी पानं अशा गड्यासमोर कशी खेळायची?

पानमोज्या:

आधी या डावाचा हिशोब, मग बाकीचं.

ऑल-इन केलं तर तुमचे अजून 81 जातात (22 कॉलचे, 59 वरचे). त्याने कॉल केला तर एकूण पॉट 201.5. म्हणजे 81 भागिले 201.5, साधारण 40 टक्के इक्विटी (पॉट जिंकायची सरासरी शक्यता) हवी, तीही तो कधीच फोल्ड करत नाही असं धरून. आता त्याच्या हातात काय काय असू शकतं ते मोजू.

सेट: नव्व्या, सत्त्या, चव्व्या, प्रत्येकी 3 कॉम्बो (दोन पानांच्या शक्य जुळण्या), मिळून 9. इथे जॅक्सना 9-10 टक्केच मिळतात. दोन जोड्या: 9-7 सूटेड (दोन्ही एकाच चिन्हाची), इस्पिक वगळून 3 कॉम्बो, इथे पंचवीसच्या आसपास. या फ्लॉपवर तयार स्ट्रेट कुणाकडेच नाही. नऊ-सात-चारला ती बसतच नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. म्हणजे तुम्हाला आत्ता मारणारी पानं 12 कॉम्बो. क्वीन्स आणि वरच्या जोड्या त्याने प्रीफ्लॉप फोर-बेट (थ्री-बेटवर पुन्हा रेज) केल्या असत्या, म्हणून धरत नाही. तो त्याही नुसत्या कॉल करत असेल तर चित्र बदलतं.

आता दुसरी बाजू. इस्पिकचे फ्लश ड्रॉ: एक्क्याबरोबर राजा, राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, छक्की, पंजी, शिवाय राजा-राणी, राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-छक्की, छक्की-पंजी वगैरे. चाळीस टक्क्यांवर येणाऱ्या माणसाकडे असे 20 कॉम्बो सहज निघतात. यात नुसत्या फ्लश ड्रॉसमोर जॅक्स 63-64 टक्के, तर एक्का-राजा किंवा अठ्ठी-छक्की अशा 15 आउट्सवाल्या (जिंकून देणारी 15 पानं उरलेल्या) ड्रॉसमोर पंचेचाळीसच्या आसपास. सरासरी 56 धरा. इस्पिक नसलेले ओपन-एंडेड (दोन्ही टोकांनी स्ट्रेट लागू शकणारे), म्हणजे दश्शी-अठ्ठी आणि अठ्ठी-छक्की सूटेड, 6 कॉम्बो, तिथे तुम्ही सत्तरच्या जवळ. टेन्सचे 6 कॉम्बो, तिथे नव्वद. आणि तीनेक एक्का-नव्वी, तिथे 78-80.

सगळं मिळून 47 कॉम्बो आणि तुमची इक्विटी 52 च्या आसपास. लागतात 40. हा ऑल-इन आहे, आणि त्यात फार डोकं खाजवण्यासारखं नाही.

हाच रेज टेबलावरच्या सोवळ्या गड्याने केला असता तर? त्याच्याकडे सेट, 9-7 आणि एक्का-राजा किंवा एक्का-राणीसारखे चारेक मोठे फ्लश ड्रॉ. 16 कॉम्बो आणि इक्विटी 22. तेच पान, तोच फ्लॉप, तीच रक्कम, आणि फोल्ड.

टेबलावर एवढं सगळं मोजायला वेळ मिळत नाही, म्हणून एक आकडा लक्षात ठेवा. मारणारे 12 कॉम्बो असतील (इथे तुमची सरासरी इक्विटी 13) आणि ड्रॉ किंवा कमजोर पानांसमोर तुम्हाला सरासरी 58 मिळत असतील, तर 40 गाठायला त्याच्या रेजमध्ये ड्रॉंचा वाटा 60 टक्के हवा. म्हणजे 12 ला 18. प्रश्न एवढाच विचारायचा: हा गडी या फ्लॉपवर सेट-दोन जोड्यांपेक्षा दीडपट ड्रॉ घेऊन चेक-रेज करतो का? तुमच्या वर्णनातला नक्की करतो.

प्रोटेक्शनबद्दल. तुम्ही ऑल-इन केल्यावर त्याला 59 घालून 201.5 च्या पॉटसाठी लढायचं आहे, म्हणजे त्याला 29 टक्के पुरतात. फ्लॉपवरून रिव्हरपर्यंत नुसता फ्लश ड्रॉ 35 टक्के लागतो. त्याचा कॉल बरोबरच आहे. तो फोल्ड करेल या आशेने हा ऑल-इन होत नाही. 60 टक्के पुढे असताना पैसे आत घालायचे म्हणून होतो. ‘फक्त सेट कॉल करेल’ ही भीती या स्टॅकला लागू नाही. 100 बीबीमध्ये, थ्री-बेट पॉटला, असा गडी फ्लश ड्रॉ सोडत नाही आणि सोडूही नये.

कॉलचा मार्ग का आवडत नाही ते सांगतो. कॉलनंतर पॉट 83.5, मागे 59. आता टर्नची पानं मोजा. तुम्हाला न दिसलेली 47. त्यात इस्पिक 11. इस्पिक सोडून राणी-राजा-एक्का 9. इस्पिक सोडून दश्शी, अठ्ठी, छक्की, पंजी 12. झाली 32. निर्धास्त वाटावं अशी उरतात 15, आणि त्यातही नव्वी-सत्ती आली तर बोर्डवर जोडी लागणार. म्हणजे ‘सुरक्षित पान येऊ दे, मग घालतो’ म्हणणारा तीनपैकी दोन वेळा घाबरणार. त्यावर तो 59 ढकलणार आणि तुम्हाला पुन्हा 29 टक्केच लागणार, म्हणजे बहुतेक वेळा कॉल करावाच लागणार. जे पैसे शेवटी जाणारच आहेत ते तो मागे असताना घालणं बरं. त्याचा फ्लश लागल्यावर घालण्यात काय अर्थ? उलट त्याचा ड्रॉ हुकला तर रिव्हरला तो एक बीबीही देणार नाही.

अवांतर: हातातला एक गुलाम इस्पिकचा असता तर हिशोब थोडा बिघडतो. इस्पिकचे एक्का-गुलाम, राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी हे चार ड्रॉ त्याच्याकडून कमी होतात, सेट मात्र तेवढेच राहतात. तरी या गड्यासमोर ऑल-इनच, पण काठावरच्या गड्यासमोर तेवढ्याने निर्णय फिरू शकतो.

मधली_सीट:

पानमोज्या यांच्या फ्लॉपच्या हिशोबाशी सहमत. पण धागाकर्त्याने विचारलंय की चेक मागे द्यायचं का, त्यावर कुणी बोललं नाही.

जॅक्सनी चेक द्यायचा नाही. या बोर्डवर पैसे देणारे खूप आहेत: टेन्स, अठ्ठ्या, एक्का-नव्वी, सगळे ड्रॉ. शिवाय एक्का-राणी, राजा-राणीसारख्या पानांना तुमच्याविरुद्ध 6 आउट्स असतात, पुढच्याच पानावर 13 टक्के. ते फुकट का द्यायचं? प्रोटेक्शनचा अर्थ असलाच तर इथे आहे, सहा आउट्सवाल्याला बाहेर काढणं. फ्लश ड्रॉवाल्याकडून फक्त भाडं घ्यायचं. 19.5 मध्ये 10 ची बेट म्हणजे त्याला पुढच्या एका पानासाठी 25 टक्के लागतात आणि फ्लश लागतो 19 टक्के. भाडं पुरेसं आहे.

चेक मागे द्यायचा तो पॉकेट अठ्ठ्यांसारख्या पानांनी. तिथे बेट केली आणि रेज आला तर फोल्डशिवाय इलाज नाही, आणि फोल्ड म्हणजे स्वतःची बऱ्यापैकी बळ असलेली जोडी टाकून द्यायची. नियम म्हणाल तर एवढाच: बेट करायच्या आधी ‘रेज आला तर काय’ याचं उत्तर तयार हवं. जॅक्सचं उत्तर ‘ऑल-इन’ असं तयार आहे, म्हणून बेट. अठ्ठ्यांचं उत्तर ‘कटकट’ असं आहे, म्हणून चेक.

प्रीफ्लॉप 9 मला कमी वाटतं. थ्री-बेट न सोडणाऱ्याला बटणावरून 10-11 करा. तो तेवढ्याच पानांनी कॉल करणार आणि तुमची जोडी फ्लॉपच्या आधी सगळ्यात भक्कम असते. फ्लॉपवर जॅक्सपेक्षा मोठं पान यायची शक्यता 57 टक्के, टेन्सना जवळपास 70, नव्व्यांना 79. जोडी जितकी खालची तितके पैसे आधी जायला हवेत, नाहीतर थ्री-बेट न करता साधा कॉल करून छोट्या पॉटमध्ये खेळलेलं बरं. नव्व्या-अठ्ठ्या बटणावरून कॉल, जॅक्स-टेन्स थ्री-बेट, ही या गड्यासमोरची माझी विभागणी.

कटऑफचा_शेजारी:

आणि थ्री-बेटवर त्यानेच फोर-बेट केली किंवा थेट ऑल-इन ढकलला तर?

मधली_सीट:

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

9 वर त्याने 24 केले: कॉलला 15, नंतरचा पॉट 49.5, म्हणजे 30 टक्के हवेत. बटणावर आहात, कॉल. पाचवी बेट करून काय मिळणार? त्याचा कचरा फोल्ड होतो आणि क्वीन्स-किंग्ज राहतात. कॉलनंतर मागे 76 उरतात, पॉटच्या दीडपट. फ्लॉपवर एक्का-राजा-राणी नसेल तर पुढे विचार नको, तो घालेल तेव्हा घाला. मोठं पान आलं तर एक छोटी बेट बघायची, दुसरी सोडायची.

थेट 100 ढकलले: कॉलला 91, हवेत 45 टक्के. त्याची ढकलायची पानं फक्त क्वीन्स-किंग्ज-एसेस आणि एक्का-राजा असतील तर जॅक्सना 36 मिळतात. फोल्ड. त्यात टेन्स आणि एक्का-राणी जोडलं की 47, म्हणजे नुसता काठावरचा कॉल. सत्त्यांपासून वरच्या जोड्या, एक्का-दश्शीपासून वर आणि राजा-राणी असं काहीही ढकलणारा असेल तर 58, डोळे मिटून कॉल. एक लक्षात ठेवा, खूप रेज करणारे सगळेच खूप फोर-बेट करत नाहीत. सत्तर टक्के पानांवर येणारे कित्येक जण फोर-बेट मात्र मोजून किंग्ज-एसेसवरच करतात. उघडी झालेली पानं बघा, नुसता आवाज बघू नका.

जर्सीकर:

शेवटच्या वाक्यावर थोडं अधिक. ‘आक्रमक’ म्हणजे कुठे आक्रमक हे आधी ठरवा, कारण त्यावरून पुढचं सगळं बदलतं.

भारतात 2025 च्या कायद्याने पैशावरचं ऑनलाइन पोकर बंद झालं, पण न्यू जर्सीत 2013 पासून ते कायदेशीर आहे, आणि जिथे साइट परवानगी देते तिथे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर चालतं. सहा जणांच्या टेबलावर नेमस्त नियमित गडी व्हीपीआयपी (किती टक्के पानांवर आपणहून पैसे घालतो) 24, पीएफआर (किती टक्क्यांवर प्रीफ्लॉप रेज करतो) 19 च्या आसपास असतो. 45/35 म्हणजे तुमचा गडी. पण हे दोन आकडे फक्त प्रीफ्लॉप सांगतात. कामाचे आकडे पुढचे: फ्लॉपला कंटिन्युएशन बेट (प्रीफ्लॉप रेज करणाऱ्यानेच पुढे चालू ठेवलेली बेट) किती, टर्नला किती, रिव्हरला किती. फ्लॉप 75, टर्न 40 असा उतार दिसला तर तो एक गोळी झाडून थांबणारा आहे. त्याच्यासमोर टॉप पेअरने फ्लॉप कॉल करा, आणि टर्नला त्याने पुन्हा बेट केली तर ती खरी समजा. 75, 65, 60 असा सपाट असेल तर तो तीनही रस्त्यांवर (फ्लॉप, टर्न, रिव्हर) ढकलतो. तिथे टर्नला फोल्ड करायचं असेल तर फ्लॉपला कॉल करण्यातच अर्थ नव्हता.

चेक-रेजचा आकडा लवकर खरा मानू नका. प्रीफ्लॉपचे आकडे शंभरेक हातांत स्थिरावतात. चेक-रेजची संधीच कमी वेळा येते, त्यामुळे तो आकडा कामाचा व्हायला कित्येक पट जास्त हात लागतात. दोनदा रेज केला म्हणून 40 टक्के दिसतो आणि आपण त्यावर स्टॅक लावतो.

प्रत्यक्ष टेबलावर हे सॉफ्टवेअर नसतं, तेव्हा एकच काम करा: तुम्ही डावात नसताना त्याची रिव्हरला उघडी झालेली पानं नोंदवा, आणि ती त्याने कोणत्या रस्त्यावर किती घालून आणली तेही. हुकलेला ड्रॉ घेऊन तो रिव्हरपर्यंत बेट करत आला असं एकदा दिसलं, तरी ते पन्नास प्रीफ्लॉप रेजपेक्षा मोलाचं.

आणि रिव्हरचा रेज, त्यातही आधी तुमच्या बेटवर दिलेला, कमी स्टेक्सवर जवळपास नेहमी खरा असतो, धिंगाणा घालणाऱ्या गड्याकडूनसुद्धा. तिथे टॉप पेअर घेऊन हीरो व्हायला जाऊ नका.

कटऑफचा_शेजारी:

हे सगळं पोझिशन असताना, म्हणजे आपण शेवटी बोलत असताना. बिग ब्लाइंडवर असलो तर? समजा एक्का-दश्शी, फ्लॉप दश्शी-अठ्ठी-पंजी, दोन इस्पिक. चेक-रेज करून ‘कुठे आहोत’ ते बघावं का?

इस्पिकएक्का:

‘कुठे आहोत ते बघण्यासाठी’ रेज हा पोकरमधला सगळ्यात महागडा प्रश्न. तुम्ही त्याचे 4 घेऊन 13 केलेत की त्याचा निव्वळ ब्लफ फोल्ड होतो, आणि उरतात सेट, मोठे ड्रॉ, ओव्हरपेअर (बोर्डपेक्षा मोठ्या जोड्या). म्हणजे जो पैसे देणार होता त्यालाच तुम्ही घरी पाठवलंत. अशा गड्यासमोर चेक-कॉल करा आणि त्याला बोलू द्या.

आकडे घेऊन बघू. कटऑफचे 2.5, बिग ब्लाइंडने कॉल, पॉट 5.5. तुमच्याकडे चौकटचा एक्का, किलवरची दश्शी. फ्लॉप इस्पिकची दश्शी, इस्पिकची अठ्ठी, चौकटची पंजी. त्याने 4, कॉल, पॉट 13.5. टर्न किलवरची दुर्री, त्याने 10, कॉल, पॉट 33.5. रिव्हर बदामाची दुर्री, त्याने 25. कॉलला 30 टक्के हवेत.

त्याची मारणारी पानं: टेन्सचा 1 कॉम्बो (एक दश्शी तुमच्याकडे, एक बोर्डवर), अठ्ठ्या 3, पंज्या 3, दुर्र्या 1, दश्शी-अठ्ठी सूटेड 2, एसेस 3, किंग्ज-क्वीन्स-जॅक्स 18, इस्पिकचे एक्का-दुर्री 1. मिळून 32. अठ्ठी-पंजीची दोन जोडी इथे धरलेली नाही, कारण रिव्हरच्या दुर्रीने ती मोडली: त्याच्याकडे अठ्ठ्या-पंज्या, तुमच्याकडे दश्श्या-दुर्र्या, आणि दश्श्या वरचढ. टर्नपर्यंत तुम्हाला मारणारं पान आता तुमच्याकडून हरतं. असं पान आलं की थांबून मोजा, बरेच जण बोर्डवर जोडी लागली म्हणून घाबरून फोल्ड करतात.

30 टक्क्यांसाठी त्याच्याकडे 14 हुकलेले कॉम्बो हवेत. हुकलेले फ्लश ड्रॉ एक्क्यासकटच 8 आहेत: इस्पिकच्या एक्क्याबरोबर राजा, राणी, गुलाम, नव्वी, सत्ती, छक्की, चव्वी, तिर्री. त्यात राजा-राणी, राजा-गुलाम, राणी-गुलाम, राजा-नव्वी, गुलाम-नव्वी, नव्वी-सत्ती, सत्ती-छक्की इस्पिकमध्ये धरले की 15 झाले. इस्पिक नसलेले गुलाम-नव्वी, नव्वी-सत्ती, सत्ती-छक्की तर अजून मोजलेच नाहीत, आणि तेही सगळे हुकलेले. तीनही रस्त्यांवर ढकलणाऱ्यासमोर हा कॉल आहे.

आता तुमच्या हातातला एक्का चौकटऐवजी इस्पिकचा असता तर? ते 8 कॉम्बो एका झटक्यात गेले. जो ड्रॉ हुकायला हवा तोच तुमच्या हातात आहे. ब्लफ पकडायला इस्पिकचा एक्का हे वाईट पान, हे शिकवलेल्या अंदाजाच्या उलट वाटतं, कारण फ्लॉपवर तेच पान चांगलं वाटत असतं. एक गोळी झाडून थांबणाऱ्यासमोर इस्पिकचा एक्का असताना मी रिव्हरला सोडतो.

एक सूचना बेटच्या आकारावरून. त्याने रिव्हरला 25 ऐवजी 67, म्हणजे पॉटच्या दुप्पट घातले तर 40 टक्के लागतात, आणि जॅक्स-क्वीन्स अशा पानांवर कुणी दुप्पट घालत नाही. मारणारी पानं 32 वरून दहा-बाराच्या घरात येतात, पण ती सगळी पक्की. मग ब्लफ आठ असले तरी पुरतात. फक्त ज्याने आधी कधी हुकलेल्या ड्रॉवर दुप्पट घातल्याचं दिसलंय त्याच्यासमोरच हा कॉल करा.

मांडवीकाठचा:

पणजीत मांडवीतल्या बोटींवर जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण वरचा सगळा हिशोब दोघांचा आणि 100 बीबीचा आहे. तिथली टेबलं अशी नसतात.

पहिली, स्ट्रॅडल. ब्लाइंडच्या दुप्पट आंधळी रक्कम पडली की तुमचे 100 बीबी प्रत्यक्षात 50 होतात. जॅक्स-टेन्ससाठी हे सोयीचं आहे, कारण पैसे लवकर आत जातात आणि टर्नच्या वाईट पानावर निर्णयच उरत नाही. पण जोडीजोडीने डबल स्ट्रॅडल सुरू झाला आणि तुम्ही तरीही साधे कॉल करून फ्लॉप बघत राहिलात तर स्टॅक नुसता झिजतो.

दुसरी, गर्दी. एका रेजला चार-चार कॉल. कोणत्याही पानांसमोर जॅक्स एका गड्याविरुद्ध 77 टक्के, दोघांविरुद्ध 61, तिघांविरुद्ध 49, चौघांविरुद्ध 40. म्हणून धिंगाणा घालणारा रेज करतो आणि मधले दोघं कॉल करतात, तेव्हा नुसता कॉल करून चौथा होऊ नका. त्याचे 5 बीबी असतील तर नेहमीच्या थ्री-बेटवर मधल्या प्रत्येकासाठी एकेक रेजभर वाढवून 22-25 करा. मधल्यांकडे चांगली पानं असती तर त्यांनीच वाढवलं असतं. ते सोडतात, धिंगाणेवाला येतो, आणि मध्ये पडलेले 10 तुमच्याच पॉटमध्ये राहतात.

बसायची जागाही बघा. असा गडी तुमच्या उजवीकडे असावा, म्हणजे तो आधी बोलतो आणि तुम्ही त्याचा रेज बघून ठरवता. डावीकडे असेल तर फ्लोअरला (टेबलं सांभाळणाऱ्याला) सांगून जागा बदलून मागा, रिकामी झाली की मिळते. तो डावीकडेच राहिला तर टेन्स-नव्व्यांसारखी पानं रेज न करता आणून त्याला रेज करू देणं आणि मग पुन्हा वाढवणं, हा एकच उपाय उरतो.

कटऑफचा_शेजारी:

शेवटचं. तोच पहिला डाव, पण दोघांकडे 200 बीबी असतील तर? पानमोज्या यांचा 12 ला 18 तसाच राहतो का?

पानमोज्या:

नाही. 200 मध्ये ऑल-इनला तुमचे 181 जातात, पॉट 401.5, हवेत 45 टक्के. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्याला 159 कॉल करायला 40 टक्के लागतात आणि नुसता फ्लश ड्रॉ 35 चा. म्हणजे आता तो नुसते ड्रॉ सोडू शकतो. टेन्स आणि एक्का-नव्वीही सोडेल. कॉल करायला उरतात 9 सेट, 3 दोन जोड्या आणि सहाएक 15 आउट्सवाले ड्रॉ. त्यांच्यासमोर जॅक्सना 24 टक्के. धागाकर्त्याची ‘फक्त सेटच कॉल करेल’ ही भीती 100 मध्ये चुकीची होती, 200 मध्ये बऱ्यापैकी खरी आहे.

तिथे 22 कॉल करा. मागे 159, पॉट 83.5, पोझिशन तुमची. टर्नला इस्पिक आलं आणि त्याने मोठी बेट केली तर सोडा, सेटप्रमाणेच लागलेला फ्लशही आता मारतो. तिर्री-दुर्रीसारखं पान आलं आणि त्याने पॉटच्या अर्ध्यापर्यंत बेट केली तर कॉल, रेज नको. त्याने टर्नला चेक केलं तर पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, 28-30 ची बेट घाला. ड्रॉ अजून पैसे देतील आणि पॉटही हाताबाहेर जाणार नाही. फ्लॉपची पहिली बेटही 200 मध्ये 10 ऐवजी 6-7 ठेवा. त्याचा चेक-रेज 20-22 वर येतो आणि पुढचं सगळंच तेवढ्या प्रमाणात लहान होतं.